पौष्टिक ताटाचा हिशोब

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्याच वर्षी आमच्या घरी पौष्टिक पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक आलं. ह्यांना शुगरची गोळी नुकतीच सुरू झाली होती. किराणा-भाजीला ठरलेल्या पैशांतच पुस्तकातलं जमेल तेवढं करायचं, असं तेव्हा ठरवलं. ते अजून चालू आहे.

पुस्तक मोठ्या शहरांतली दुकानं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. क्विनोआ, चिया, ॲव्होकाडो, ऑलिव्ह ऑइल. आमच्या सोलापुरात ह्यातलं बरंचसं मॉलमध्ये मिळतं, पण एका पाकिटाच्या किमतीत चौघांची आठवड्याची कडधान्यं येतात. म्हणून पदार्थाचं नाव सोडून त्यातली युक्ती तेवढी उचलायची, अशी सवय लावून घेतली. क्विनोआच्या उपम्यातली युक्ती म्हणजे धान्य थोडं आणि भाज्या त्याच्या दुप्पट. मग धान्य म्हणून ज्वारीच्या कण्या का नकोत? क्विनोआच्या जागी आधी राजगिरा सुचतो, दोघं एकाच कुळातले. पण राजगिरा शिजला की चिकट होतो. त्याची खीर फार छान लागते, उपम्याला मात्र कण्याच हव्यात. त्या रात्रभर भिजवायच्या, शिजवून निथळायच्या आणि ताटात पसरून गार होऊ द्यायच्या. गार झाल्या की हाताने मोकळ्या होतात. मग मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत गाजर, घेवडा, कांदा परतून त्यात कण्या, आणि वरून लिंबू. लिंबू चवीला तर हवंच, पण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं आणि कडधान्यातलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं. तेव्हापासून आमच्याकडे उसळीवरही लिंबू पिळल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही.

चियाच्या जागी जवस आलं, ग्रीक योगर्टच्या जागी घरचा चक्का. चक्क्याचं निथळलेलं पाणी कणीक भिजवायला. थंडीत मंडईत चाकवताच्या जुड्या येतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे चाकवत आणि क्विनोआ दोन्ही चिनोपोडियम, म्हणजे अगदी सख्खे. हे कळल्यावर ताकातल्या चाकवताकडे मी जास्तच मानाने बघू लागले.

सगळं स्वस्तात झालं असं मात्र नाही. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला, तेव्हा पुस्तकातली टोमॅटोची सगळी सूप बंद करून चिंच आणि आमसुलावर भागवलं. ज्वारीचंही तसंच. भरडधान्य म्हणजे गरिबाचं अन्न, हा समज आता जुना झालाय. मंगळवेढ्याची मालदांडी आम्हाला गव्हापेक्षा महाग पडते. रब्बीच्या ज्वारीचं क्षेत्र वर्षानुवर्षं घटत गेलं, तिची काढणी कष्टाची, आणि मागणी मात्र शहरात वाढली. शेतकऱ्याला भाव मिळावा असं मनापासून वाटतं, पण महिन्याचं धान्य भरताना हात आखडतो हेही खरं.

डोळे उघडले ते २०२४मध्ये, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नवी आहार-मार्गदर्शिका काढली तेव्हा. तिच्यातल्या दिवसभराच्या ताटात एका माणसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ३०० मिली दूध-दही, ३५ ग्रॅम दाणे-बिया, आणि धान्य फक्त २५० ग्रॅम. चौघांना रोज एक किलो सहाशे ग्रॅम भाजी! आमच्याकडे एका वेळेला पाव किलो भेंडी चौघांत वाटली जायची आणि ताट भाकरी-भाताने भरायचं. पौष्टिक खाण्याचा खर्च खरा इथे आहे. परदेशी बियांवाचून काही अडत नाही. भाजी, फळं, दूध आणि डाळ पुरेशी आणायलाच पैसे लागतात, आणि आहाराच्या सल्ल्यात ही गोष्ट कुणी मोकळेपणाने सांगत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

पैसे उभे केले ते फरसाण, बिस्किटं आणि तेलातून. तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्याऐवजी दीड महिना पुरू लागला. भाजी संध्याकाळी उशिरा, बाजार उठताना आणायची. डाळिंबं सालीवर डाग पडलेली घ्यायची. दाणे तेवढेच लाल असतात. वेळेचा प्रश्न उरतोच. एवढी पालेभाजी निवडणं, मटकीला मोड आणणं एकटीच्या हातून होणारं काम नव्हे. माझे सासरे रोज दुपारी जुड्या निवडून ठेवतात, गाजरं मुलगा किसतो. घरात हे हात नसते तर पुस्तक कपाटातच राहिलं असतं.

४०० ग्रॅमपर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही. पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि लवकर सडते, तेव्हा लाल भोपळा, दुधी आणि मोडाच्या कडधान्यांवर भर देतो. दाण्यांच्या ३५ ग्रॅममध्ये बदाम-अक्रोड थोडेच, बाकी शेंगदाणे, तीळ आणि जवस. फळांत पेरू, पपई आणि केळी. ह्यांच्या दुपारच्या ताटात मात्र आता एकच भाकरी असते, आणि शेजारी वाटीभर उसळ, वाटीभर पालेभाजी आणि कोशिंबीर.