जुन्या खासगी विमानांची दुरुस्ती व त्यांची लॉगबुके

विमानविद्येवरील एखादे प्राचीन हस्तलिखित कोठे मिळेल काय, अशी पृच्छा संग्राहकांकडून वारंवार होत असते. तिच्या मुळाशी बहुधा ‘वैमानिकशास्त्र’ या नावाने प्रसिद्ध झालेला संस्कृत ग्रंथ असतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची चिकित्सा केली. तो १९०४ सालापूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निर्णय आहे. ग्रंथाची अर्वाचीन वाक्यरचना पाहता आम्हांसही तो निर्णय मान्य करावा लागतो. तथापि विमानांविषयीची अस्सल हस्तलिखिते आपल्या देशात नाहीत असे मात्र नव्हे. ती आहेत, आणि ती रद्दीत जात आहेत. आमचा रोख जुन्या लहान विमानांच्या लॉगबुकांकडे, म्हणजे नोंदवह्यांकडे आहे. या वह्यांचे मोल ध्यानी येण्यास जुने विमान कसे राखतात व कसे दुरुस्त करतात हे प्रथम समजले पाहिजे. म्हणून तो विषय येथे थोडक्यात मांडतो.

(१) पूर्वपीठिका

आपल्याकडे खासगी उड्डाणास खरा आरंभ १९२८ च्या सुमारास झाला. मुंबईच्या फ्लाइंग क्लबाची स्थापना त्याच वर्षीची होय. जे. आर. डी. टाटा यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याचा अनुक्रमांक १ होता. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ जातीचे एक एंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे टपालासह आणले. त्या विमानाची खूण व्हीटी-एडीएन अशी होती.

या ‘व्हीटी’ अक्षरांचा उलगडा ‘व्हाइसरॉयचा मुलूख’ असा करण्याची चाल पडली आहे. ही व्युत्पत्ती लौकिक होय. हिंदुस्थानास बिनतारी संदेशांसाठी जो अक्षरसमूह नेमून दिला गेला तो व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड असा होता, आणि त्याचीच पहिली दोन अक्षरे विमानांस लागली. त्यापूर्वी येथील विमानांवर ‘जी-आय’ या अक्षरांनी आरंभ होणारी खूण असे. एखाद्या जुन्या छायाचित्राचा काळ ठरविताना हा भेद उपयोगी पडतो.

(२) कापड व लाकूड

त्या काळच्या बहुतेक लहान विमानांचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले असत. हे कापड उत्तम प्रतीचे लिनन, म्हणजे जवसाच्या झाडाच्या वाखाचे. संस्कृतात जवसास अतसी, उमा व क्षुमा ही नावे आहेत, आणि क्षुमेपासून झालेले ते ‘क्षौम’ वस्त्र. आमच्या विदर्भात जवस हे रब्बीचे पीक असून आपण त्याचे तेल व चटणी तेवढी जाणतो. परंतु मॉथ विमानांनी अंगावर घेतले ते या जातीच्याच वनस्पतीचे क्षौम होय.

हे कापड पंखाच्या बरगड्यांस मेणलावल्या दोऱ्याने ठराविक अंतरावर गाठी मारून शिवतात. शिवणीवर कातरकडेच्या पट्ट्या चिकटवितात आणि मग त्यावर डोप नावाचे द्रव्य अनेक थरांनी देतात. डोपाने कापड आक्रसून ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. वरच्या थरांत ॲल्युमिनियमची पूड मिसळतात, ती शोभेकरिता नव्हे. उन्हातील अतिनील किरणांनी धाग्याचा जीव जातो, त्यास ही पूड आडवी येते. कापडाचा कस दाबयंत्राने अथवा तुकडा कापून ताणून पाहतात, आणि तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला म्हणजे सर्व आवरण काढावे लागते. अलीकडे लिननऐवजी पॉलिएस्टर वापरतात; ते अधिक टिकते. आवरण उतरले म्हणजेच आतील लाकडाची खरी स्थिती कळते. म्हणून जाणता कारागीर ही संधी वाया दवडीत नाही.

लाकूड बहुधा स्प्रूसचे असते. जुने सांधे केसीन सरसाचे, म्हणजे दुधातील नासक्या अंशापासून केलेल्या सरसाचे असत. दमट हवेत त्यास बुरशी लागून सांधा आतल्या आत सुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पुढे कृत्रिम राळेचे सरस आले. मोडलेला तुकडा जोडताना दोन्ही टोके लांब तिरपी तासून एकमेकांवर बसवितात. जाडीच्या दहा ते बारा पट लांबीचा उतार ठेवण्याची रीत आहे. कोकणपट्टीत शत्रू दमट हवा, तर आमच्याकडे वैशाखातील कोरडा ताप. त्या तापाने लाकूड आक्रसते, बोल्ट ढिले पडतात, आणि पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. यास्तव ऋतू पालटताच प्रत्येक बोल्ट पाहणे अवश्य असते.

(३) धातू व एंजिन

ज्यांचे धड पोलादी नळ्यांचे, त्या विमानांस गंज आतून लागतो. त्यावर जुना उपाय असा की, नळीत गरम जवसाचे तेल ओतून फिरवावे, उरलेले काढून घ्यावे व तोंड बंद करावे. क्षौम बाहेरून व अतसीतैल आतून, अशी ही एकाच झाडाची दुहेरी सेवा आहे. सुकाणूच्या तारा जेथे कप्पीवरून जातात तेथे त्यांचे धागे तुटू लागतात. तारेवरून फडके फिरविले असता तुटका धागा त्यात अडकून कळून येतो.

जिप्सी मेजर हे एंजिन उलटे टांगलेले असते. विमान उभे राहिले म्हणजे तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच एंजिन चालू केल्यास दांडा वाकण्याची धास्ती असते. म्हणून मॅग्नेटोची कळ बंद ठेवून पंखा प्रथम हाताने फिरवून पाहतात. धातूच्या पत्र्याची विमानेही आता जुनी म्हणावयाची वेळ आली आहे. नागपूर फ्लाइंग क्लबाने शिक्षणास वापरलेल्या सेसना १५२ जातीचे उत्पादन १९८५ साली थांबले. त्यांस कापडाची चिंता नाही, परंतु पत्र्याच्या सांध्यांतील गंज व खिळ्यांभोवतीच्या चिरा यांची आहे.

(४) लॉगबुक

वरील प्रत्येक काम झाले म्हणजे ते लिहावे लागते. धडाची वही निराळी, एंजिनाची निराळी, आणि प्रत्येक प्रवासाची आणखी निराळी. काय बिघडले, काय बदलले, नवा भाग कोठून आला, त्याचा क्रमांक कोणता, तोवर किती तास उड्डाण झाले, हे सर्व तीत असते. आणि शेवटी परवानाधारक अभियंत्याची सही, परवान्याचा क्रमांक व तारीख. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखक जी पुष्पिका देतो, तिच्याच तोडीची ही नोंद होय. भेद इतकाच की, पोथीच्या लेखकाने चूक केली तर पाठ बिघडतो. येथे चूक झाली तर जीव जातो.

याचे एक उदाहरण देतो. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात एका टायगर मॉथचा पंख हवेतच निखळून दोघे मृत्युमुखी पडले. धडातून आडव्या जाणाऱ्या दोन पोलादी कांबी धातूच्या थकव्याने चिरल्या होत्या, असे चौकशीत आढळले. त्या मूळ कारखान्याच्या नव्हत्या. पुढील काळी ऑस्ट्रेलियातच केलेल्या होत्या. दिसण्यात त्या मुळासारख्याच होत्या. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा प्रक्षेप होता, आणि प्रक्षेप ओळखावयाचा तर परंपरेचा कागदच पाहावा लागतो.

उड्डाणाचे तास एका वहीतून पुढच्या वहीत ओढले जातात. मधली एक वही हरवली की भागांचे वय सिद्ध होत नाही. आणि ज्या भागाचे आयुष्य तासांनी बांधलेले आहे तो, धडधाकट दिसत असूनही, बदलावा लागतो. लहान विमानाच्या मालकास हा खर्च पेलत नाही व विमान हँगरात कुजते. सारांश, वही रद्दीत गेली म्हणजे विमानही गेले.

दुसरा प्रश्न अभिज्ञानाचा. नव्वद वर्षांत कापड, लाकूड, एंजिन सर्व बदलले, तर ते विमान तेच कसे? उत्तर असे की, ते अखंड नोंदींनी तेच. जे. आर. डी. टाटा यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केले, ते लेपर्ड मॉथ जातीच्या विमानातून. पस मॉथचे धड पोलादी नळ्यांचे, लेपर्ड मॉथचे प्लायवुडचे. एकाच कारखान्याची ही पुढील वाचना होय. मूळ प्रत नव्हे. छायाचित्राखाली मात्र दोन्हींची नावे सर्रास अदलाबदल होतात. खुणेची अक्षरे व वही पाहिल्यावाचून कोणताही निर्णय देऊ नये.

(५) संग्राहकांस विनंती

अशी वही हाती आल्यास पुढील गोष्टी सांभाळाव्यात. नोंदणीची खूण, कारखान्याचा क्रमांक, पहिली व शेवटची तारीख आणि शेवटची तासांची बेरीज प्रथम उतरून घ्यावी. तेलाचे डाग धुऊ नयेत. तेही साक्षीदार आहेत. पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत, नवी बांधणी करू नये, पानांवर प्लास्टिकचे आवरण चढवू नये. आत मिळालेल्या सुट्या चिठ्ठ्या ज्या पानावर होत्या त्याच पानाचा आकडा लिहून ठेवाव्यात. जुन्या डोपाच्या कापडाचा तुकडा सोबत असल्यास तो पोथ्यांच्या कपाटात मुळीच ठेवू नये. नायट्रेट डोप चटकन पेटते, आणि जीर्ण होताना त्यातून निघणारी आम्ल वाफ कागदास खाते. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या उघडू नयेत; त्यांवरील रंगात रेडियम असण्याचा संभव आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, विमान अद्याप कोठे उभे असेल तर वही त्याच्या मालकास दाखवावी व निदान संपूर्ण प्रतिमा तरी द्यावी. पोथी संग्रहात आली म्हणजे ती वाचली, असे आपण मानतो. या वहीचे तसे नाही. ती आपल्या विमानापासून तुटली तर संग्रह वाढेल, परंतु जिच्याकरिता ती लिहिली ती वस्तू उडावयाची राहील. आपल्या सभासदांपैकी कोणाजवळ अशी वही असल्यास तिचा त्रोटक परिचय त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावा.

सेलू, जि. वर्धा