जुनी पिकअप घेताना : डिझेल की सीएनजी?

हंगामात भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, म्हणून अनेक शेतकरी आणि शेतकरी गट स्वतःची जुनी पिकअप घेण्याचा विचार करतात. त्या वेळी दोन सल्ले हमखास मिळतात : ‘सीएनजी घ्या, स्वस्त पडते’ आणि ‘माल ओढायला डिझेलच’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्यासाठी कोणता लागू आहे, हे तीन गोष्टींवर ठरते : एका फेरीचा माल किती, भरलेली गाडी चढते की उतरते आणि गॅसचा पंप नेहमीच्या वाटेवर आहे की नाही.

१) आधी मालाचे वजन काढा

टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण २२ किलोचा धरला, तर ६० क्रेटचे वजन १,३२० किलो होते. ५० किलोच्या २० गोणी कांदा म्हणजे १ टन. गाडी किती वजनाला पास आहे हे आरसी बुकावरून कळते. एकूण मान्य वजनातून (जीव्हीडब्ल्यू) रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की मालाची क्षमता मिळते. चालक आणि सोबतच्या माणसांचे वजनही त्यातूनच जाते.

लहान सीएनजी गाड्या बहुतेक पाऊण ते एक टनाच्या आसपासच्या असतात. दीड टनाच्या गटात जुन्या बाजारात डिझेल गाड्याच जास्त मिळतात. एक टनाच्या गाडीत रोज दीड टन भरल्यास पाटे, क्लच आणि ब्रेक लवकर जातात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अशा दोन-तीन दंडांत इंधनातील वर्षाची बचत संपते.

२) भरलेली गाडी चढते की उतरते?

डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओढ देते. सीएनजीवर चालणारे इंजिन बहुतेक वेळा मुळात पेट्रोलचे असते. गॅस हवेची काही जागा घेत असल्याने त्याची ताकद पेट्रोलपेक्षाही थोडी कमी होते. सपाट रस्त्यावर फरक फारसा जाणवत नाही, चढावर मात्र लगेच कळतो.

नाशिकहून कसारा घाटाने किंवा जुन्नर-ओतूर भागातून माळशेज घाटाने वाशीला जाणारी गाडी भरलेली असताना घाट उतरते आणि रिकामी चढते. अशा वाटेवर, वजन मर्यादेत असेल तर सीएनजी चालू शकते. येथे इंजिनच्या ताकदीपेक्षा ब्रेक चांगले असणे महत्त्वाचे. उलट रत्नागिरीचा आंबा आंबा घाटाने कोल्हापूरला नेताना भरलेली गाडी घाट चढते. अशा वाटेसाठी, तसेच शेतातील चिखलाच्या किंवा चढाच्या रस्त्यासाठी डिझेल योग्य.

३) पंपाचे अंतर हिशेबात धरा

खालील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. त्या जागी आपल्या भागातील दर आणि गाडीचे प्रत्यक्ष ॲव्हरेज घालावे.

• डिझेल ९० रुपये लिटर, ॲव्हरेज १२ किमी : खर्च ७.५० रुपये प्रति किमी.
• सीएनजी ९० रुपये किलो, ॲव्हरेज १५ किमी : खर्च ६ रुपये प्रति किमी.

म्हणजे सीएनजीवर किलोमीटरमागे दीड रुपया वाचतो. वर्षाला २०,००० किमी फिरणाऱ्या गाडीत ३०,००० रुपये वाचतील, तर ६,००० किमी फिरणाऱ्या गाडीत फक्त ९,०००.

आता पंप गावापासून २० किमीवर, आपल्या नेहमीच्या वाटेबाहेर आहे असे समजा. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे १० किलो गॅस बसतो. ९०० रुपयांच्या गॅसमध्ये गाडी १५० किमी चालेल, पण त्यातील ४० किमी पंपावर जाण्या-येण्यात जातील. कामाचे ११० किमीच उरतात आणि खर्च पडतो किलोमीटरला सुमारे ८ रुपये २० पैसे, म्हणजे डिझेलपेक्षा जास्त. रांगेतील वेळ वेगळाच. पहाटेच्या लिलावाला पोहोचायचे असेल तर तोही मोजावा. पंप बाजाराच्या वाटेवरच असेल, तर हा तोटा होत नाही.

डिझेल गाडी तपासताना

• गाडी थंड असताना सुरू करून पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.
• गाडी गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. ओढताना काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरचा दोष असू शकतो. पंप आणि इंजेक्टरचे काम महाग असते.
• इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडावे. जोराने वाफ येत असल्यास इंजिनचे काम जवळ आले आहे.
• १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा असते. ज्या मॉडेलमध्ये डीपीएफ आहे, ते गाव ते शेत अशा तीन-चार किमीच्या फेऱ्यांतच वापरल्यास फिल्टर चोंदतो. अशी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर चालवावी लागते.

सीएनजी गाडी तपासताना

• आरसीवर इंधनात सीएनजीची नोंद हवी. कंपनीने बसवलेल्या किटला प्राधान्य द्यावे. बाहेरून बसवलेल्या किटची आरसी आणि विम्यात नोंद नसेल तर व्यवहार टाळावा.
• सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी लागते. चाचणीचा दाखला आणि सिलिंडरवरील तारीख जुळते का पाहावे.
• सिलिंडर गंजलेला किंवा चेपलेला नसावा. जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी.
• गाडी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर, शक्यतो चढावर चालवून पाहावी. गॅसवर ओढ फारच कमी वाटल्यास हेडमधील व्हॉल्व्हची तपासणी मेकॅनिककडून करून घ्यावी.

दोन्हींसाठी समान

• चेसीवर वेल्डिंग, जादा पाटा किंवा हौद्याच्या तळाला खोल पोचे दिसल्यास गाडीने वाळू-खडी वाहिली असण्याची शक्यता असते.
• खताची वाहतूक झालेल्या गाडीत हौद्याखालचा गंज नीट पाहावा.
• पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचा पर्यावरण कर भरला आहे का, थकीत ई-चलन आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३०, तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो.
• दहा वर्षांवरील डिझेल गाडीबाबतचे निर्बंध दिल्ली परिसरासाठीचे आहेत. ते सांगून कोणी महाराष्ट्रातील गाडीची किंमत पाडत असेल, तर फसू नये.

निर्णय कसा घ्यावा?

एका फेरीत टनापेक्षा जास्त माल, भरलेली चढण किंवा पंप वाटेबाहेर, यांपैकी एक जरी लागू असेल तर डिझेल घ्यावी. माल टनाच्या आत, रस्ता बऱ्यापैकी सपाट, पंप बाजाराच्या वाटेवर आणि वर्षाचे फिरणे भरपूर असेल, तर सीएनजी परवडते. वर्षात मोजक्याच फेऱ्या असतील तर इंधनातील फरक किरकोळ राहतो. तेव्हा कागद स्वच्छ आणि इंजिन सुस्थितीत असलेली गाडी निवडावी, मग ती कोणत्याही इंधनाची असो. गटासाठी गाडी घेताना सदस्यांच्या मागील हंगामातील फेऱ्या, वजन आणि अंतर एका कागदावर मांडून मगच बाजारात जावे.