आधी खरं, मग अफवा

पहाटे ५.१५

कोंबडे आरवायला लागायच्या आत निवेदन उरकायचं म्हणून उठले. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षी आम्हाला आठ मिनिटांची ध्वनिकथा करायची आहे. माझा विषय कटाच्या गोष्टी, म्हणजे मोठ्या संकटामागे कुणाचा तरी गुप्त हात आहे असं सांगणाऱ्या. वसतिगृहाच्या गलक्यात रेकॉर्डिंग जमेना, म्हणून घरी वेळणेश्वरला आले. इथे अडचण समुद्राच्या गाजेची. आम्हाला ती सवयीनं ऐकू येत नाही, पण मोबाइलच्या माइकला येते. माजघरात दोरीवर दोन गोधड्या टाकल्या आणि त्यांच्या आडोशाला बसून वाचलं. शेवटी मिनिटभर गप्प राहून खोलीची नुसती शांतता टिपली. वाक्यं कापून जोडली की मधल्या फटी तिनंच बुजवायच्या असतात.

सकाळी ८.००

शेजारचे काका पडवीत नारळ सोलत होते. नाव घ्यायचं नाही, या अटीवर ते बोलायला तयार झाले. मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात त्यांचे थोरले भाऊ कोरोनानं गेले. "रोग कसला? टॉवरनं नेलं त्याला. फाइव्ह जीच्या लहरी सोडल्या होत्या."

वाद घालायचा नाही, असं घरून ठरवूनच निघाले होते. एकच प्रश्न विचारला, "काका, काय दिसलं तर तुम्हाला वाटेल की टॉवरचा यात हात नव्हता?"

सुळ्यावरचा नारळ तसाच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तेव्हा कुणी काही सांगतच नव्हतं गो. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही."

रेकॉर्डिंगमध्ये त्या दोन वाक्यांआधी अकरा सेकंद फक्त गाज आहे. ती मी कापणार नाही.

सकाळी १०.३०

आता तपासणी. रेडिओलहरी म्हणजे ऊर्जा. विषाणू हा कण, तो माणसाच्या श्वासातून दुसऱ्या माणसाकडे जातो. लहरीवर बसून येत नाही. पण काकांच्या गोष्टीला थेट भिडणारी माहिती याहून साधी निघाली. १० मे २०२१ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागानं जाहीर केलं होतं की देशात फाइव्ह जीच्या चाचण्यासुद्धा अजून कुठे सुरू झालेल्या नाहीत. प्रत्यक्ष सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. भाऊ गेले तेव्हा त्या टॉवरवर फाइव्ह जी नव्हतंच.

दुपारी १.००

अशा अफवा जुन्याच आहेत, म्हणून जेवण झाल्यावर प्लेगवरची टिपणं काढली. १८९६ च्या शरदात मुंबईत प्लेग पसरला आणि रुग्णांना बळजबरीनं आर्थर रोडच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, नेऊ लागले. तिथे माणसांच्या शरीरातून औषधासाठी 'मोमियाई' काढतात, अशी अफवा उठली. ऑक्टोबरच्या अखेरीस शेकडो गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. गिरण्यांत तेव्हा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा मोठा भरणा होता. त्या जमावात आमच्याकडचे कुणी असतीलच, असं सारखं मनात येतं.

अफवा खोटी होती, पण भीती खोटी नव्हती. आत नेलेल्या माणसाचं काय होतं ते बाहेरच्यांना कुणी सांगत नव्हतं. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमानं गोरे सोजीर घराघरांत शिरले तेव्हा ही भीती आणखी चिघळली. सकाळचं काकांचं वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आलं.

दुपारी ३.००

एक प्रश्न टाळून चालणार नाही. प्रत्येक शंका वेडगळच असते का? उत्तर आमच्याच गुहागर तालुक्यात आहे. अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या करारात काळंबेरं असल्याचा संशय अनेकांनी घेतला होता. पुण्याच्या 'प्रयास' गटानं करारातल्या आकड्यांचा अभ्यास करून ही वीज राज्याला किती महाग पडेल ते मांडलं. पुढे राज्य वीज मंडळाला ती वीज परवडेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी एन्रॉननं आपली कर्जं हिशेबात लपवल्याचं अमेरिकेत उघड झालं, आणि २ डिसेंबरला कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

ती शंका आकड्यांवर उभी होती. आकडे कुणालाही तपासता येत होते, चुकले तर दाखवता येत होते. कटाच्या गोष्टीत मात्र पुरावा न सापडणं हाच पुरावा ठरतो: बघा, किती शिताफीनं लपवलंय! हा फरक निवेदनात घातला. माझ्या मते हे कथेतले सगळ्यात मोलाचे तीस सेकंद आहेत.

सायंकाळी ५.३०

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर उघडून तुकडे जोडले. काकांचं टॉवरवालं वाक्य पुन्हा पुन्हा घेतलं, त्याखाली गूढ, खर्जातला सूर टाकला आणि खुलासा शेवटी ठेवला. आजीला ऐकवलं. "काय लक्षात राहिलं?" विचारलं तर म्हणाली, "तो टॉवर गो. कसा काटा आला अंगावर!"

खुलासा तिला आठवेना. चूक माझीच होती. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगानं दाखवलंय. छापील मजकुरात वाचक मागे जाऊन बघतो. कानांना तशी सोय नसते. मी अफवेला सूर दिला होता आणि सत्याला नुसती तारीख.

रात्री ८.४५

मध्ये वीज गेली, कामाला उशीर झाला. पण मांडणी मुळापासून बदलली. सूर काढून टाकला. सुरुवातच अशी केली: मे २०२१ मध्ये भारतात फाइव्ह जी नव्हतं. मग काकांचं म्हणणं, एकदाच. त्यानंतर पुन्हा ती तारीख, ते अकरा सेकंद आणि तोंड न पाहिल्याचं दुःख. काकांना कुणी हसता कामा नये, आणि टॉवरवर विश्वासही बसता कामा नये.

रात्री १०.००

आजीनं पुन्हा ऐकलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्याचा भाऊ गेला तेव्हा आपल्याकडं ते आलंच नव्हतं?"

"नाही, आजी."

"मग कॉलेजात पाठवायच्या आधी त्याला ऐकव. तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही ना, आता तू सांग."

उद्या सकाळी आठ वाजता, त्यांच्याच पडवीत.