आकडा वॅटचा, भरवसा कशाचा?

परीक्षा संपल्या, की अनेक घरांत हमखास एक विषय निघतो : गेम खेळता येतील असा संगणक. पन्नास-साठ हजारांचे अंदाजपत्रक ठरते. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, पुण्यातली तपकीर गल्ली आणि ऑनलाइन दुकाने पालथी घातली जातात. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती यावर आठ-आठ दिवस खल होतो. शेवटी बेरीज दोन-तीन हजारांनी पुढे गेली, की कात्री लागते ती एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला. ‘त्याने कुठे गेमचा वेग वाढतो?’ हा त्यामागचा हिशेब.

हिशेब चुकीचा नाही. चांगल्या एसएमपीएसमुळे गेम एका फ्रेमनेही जास्त वेगाने पळत नाही. पण बिघडताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क यांनाही सोबत घेऊन जाऊ शकेल, असा हा भाग आहे. शिवाय कॅबिनेटमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज थेट शिरते ती याच डब्यात. त्यामुळे प्रश्न केवळ पैशांचा नाही, घराच्या सुरक्षेचाही आहे.

डब्याच्या आत काय चालते?

भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी, म्हणजे एसी असते. संगणकाला मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर डीसी वीज लागते. एसएमपीएस आधी एसीचे रूपांतर तीनशेहून अधिक व्होल्टच्या डीसीमध्ये करतो. मग ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते. इतक्या वेगाने चालू-बंद होणाऱ्या विजेला छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. म्हणून पाचशे वॅटचे यंत्र एका हातात मावते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे वीज पुन्हा सरळ करून कपॅसिटरमधून गाळली जाते. बाहेर पडणारा दाब किती आहे यावर एक सर्किट सतत नजर ठेवते आणि गरजेप्रमाणे चालू-बंदचे प्रमाण बदलते.

काम किती नेटके व्हायला हवे, याचे निकष ठरलेले आहेत. एटीएक्स ३.० पूर्वीच्या मानकानुसार १२ व्होल्टचा पुरवठा ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर जाता कामा नये. त्यावर राहणारी बारीक थरथर, म्हणजे ‘रिपल’, १२० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. स्वस्त डब्यात गाळणारे कपॅसिटर कमी किंवा हलक्या प्रतीचे असतात आणि ही थरथर वाढते. संगणक लगेच बंद पडत नाही. पण मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डवरचे कपॅसिटर जास्त तापतात, गेम रंगात आला असताना यंत्र अचानक रीस्टार्ट होते आणि दोष मात्र विंडोजला दिला जातो.

मोठ्या अक्षरांतला आकडा सोडा, तक्ता वाचा

खोक्यावर ठळक छापलेला ‘४५०’ किंवा ‘५००’ हा आकडा पुष्कळदा फसवा असतो. खरी माहिती डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात असते. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खादाड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. म्हणून तक्त्यात +१२V च्या रकान्याखाली किती अँपिअर दिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे.

समजा, एका डब्यावर ४५० वॅट लिहिले आहे आणि १२ व्होल्टला ३६ अँपिअर दाखवले आहेत. १२ गुणिले ३६ म्हणजे ४३२ वॅट. दावा आणि वस्तुस्थिती जवळपास जुळते. दुसऱ्या डब्यावरही ४५० च लिहिले आहे, पण १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर आहेत. म्हणजे कामाची वीज २१६ वॅट. उरलेला आकडा आज फारशा न लागणाऱ्या ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटांची बेरीज करून फुगवलेला. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारे डबे बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात. जिथे तक्ताच नाही किंवा +१२V चा रकाना गोलमाल आहे, तो डबा तिथेच ठेवून पुढे जावे.

आणखी एक खूण मागच्या बाजूला सापडते. तिथे ११५/२३० असे लिहिलेले लाल बटण असेल, तर आतली रचना जुन्या धाटणीची आहे. ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ असलेल्या नव्या रचनेला अशा बटणाची गरज नसते. शिवाय हे बटण चुकून ११५ वर सरकले आणि आपल्याकडची २३० व्होल्टची वीज आत गेली, की स्फोटासारखा आवाज होऊन डबा निकामी होतो.

किती वॅट पुरतील?

एक सर्वसाधारण जोडी घेऊ. इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ हा प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाची अधिकृत गरज ११५ वॅट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नास-साठ वॅट धरले, तर एकूण बेरीज तीनशेच्या आतच राहते. तरीही या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते. हा फरक कशासाठी?

पहिले कारण म्हणजे ग्राफिक्स कार्डाची भूक एकसारखी नसते. पडद्यावर अचानक स्फोट, धूर, गर्दी आली, की सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती ती सरासरीच्या दुपटीजवळ उसळू शकते. दुबळा एसएमपीएस अशा उसळीला अतिभार समजून बंद पडतो. याच त्रासामुळे इंटेलने २०२२ मध्ये आणलेल्या एटीएक्स ३.० या मानकात क्षणिक उसळ्या झेलण्याची अट घातली गेली. दुसरे, निम्म्या भाराच्या आसपास एसएमपीएसची कार्यक्षमता सर्वांत चांगली असते, तो कमी तापतो आणि पंखाही शांत राहतो. तिसरे, तीन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलले, तरी डबा तोच चालतो.

म्हणून अशा संगणकाला चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा डबा पुरेसा आहे. ‘असू दे जास्तीचा’ म्हणून अनोळखी कंपनीचा ८५० वॅटचा घेण्यापेक्षा प्रामाणिक ५५० केव्हाही बरा.

‘८० प्लस’ काय सांगते?

२००४ पासून सुरू असलेली ‘८० प्लस’ ही मोहोर कार्यक्षमतेची आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकापर्यंत पोहोचते आणि किती उष्णतेत वाया जाते, हे ती सांगते. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. आपल्या २३० व्होल्टवर हे आकडे किंचित सुधारतात.

गोल्ड घेतल्याने वीजबिल किती वाचेल? संगणकाला ३०० वॅट लागत असतील, तर ब्राँझ भिंतीतून सुमारे ३५३ वॅट खेचेल, गोल्ड ३३३. फरक २० वॅटचा. रोज चार तास गेम खेळला, तरी वर्षाला २९ युनिट. युनिटमागे दहा रुपये धरले, तर तीनशे रुपयेही होत नाहीत. तेव्हा केवळ बिलासाठी गोल्डच्या मागे लागण्यात अर्थ नाही. माफक बजेटमध्ये चांगला ब्राँझ ही समजूतदार निवड ठरते.

आणि एक गोष्ट ठसवून सांगायला हवी : ही मोहोर सुरक्षिततेची हमी देत नाही. गिगाबाइट कंपनीच्या ७५० आणि ८५० वॅटच्या काही एसएमपीएसवर गोल्डची मोहोर होती. तरीही अतिभाराच्या चाचण्यांमध्ये त्यातले काही नग फुटल्याचे परीक्षकांनी दाखवले. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने अतिभार संरक्षणाची मर्यादा खाली आणल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना ठरावीक नग बदलून देण्याची तयारी दाखवली.

संरक्षणाची अक्षरे

खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ओव्हीपी, यूव्हीपी, ओसीपी, ओपीपी, एससीपी, ओटीपी अशी अक्षरे दिसतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर वाढले किंवा पडले, प्रवाह किंवा एकूण भार जास्त झाला, शॉर्टसर्किट झाले किंवा आतली उष्णता वाढली, तर डब्याने स्वतःहून बंद व्हावे, यासाठीच्या या सोयी आहेत. यातली ओटीपी, म्हणजे उष्णतेपासूनचे संरक्षण, स्वस्त डब्यांत हमखास गाळले जाते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली असताना, नेमकी तीच सोय लागते.

उष्णतेचा आयुष्याशी संबंध थेट आहे. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी कमी ठेवले, तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणूनच ८५ ऐवजी १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे कपॅसिटर असलेला डबा निवडावा. आत डोकावून पाहणे ग्राहकाला शक्य नसते. पण वॉरंटीचे वर्ष हा चांगला अंदाज देतो. पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपनीने आत हलका माल भरला, तर भुर्दंड तिलाच बसतो.

घरातली वीजही तपासा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला, की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक जण करतात. बहुतेक वेळा दोष डब्याचा नसतो, घरातल्या अर्थिंगचा असतो. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, तर पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे शंभरहून अधिक व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी अल्प असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण ती पूर्वसूचना समजावी. आतले इन्सुलेशन कधी फाटले, तर जमिनीत जायला वाट नसलेली ती वीज हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाट काढेल. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणे, हा प्रकार म्हणूनच घातक आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर संगणकच नव्हे, सारे घर सुरक्षित होते.

वीज ये-जा करणाऱ्या भागांत यूपीएस लागतोच. मात्र बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो आणि त्यावर मॉनिटरही चालायचा असतो. खोक्यावरचा व्हीए नव्हे, वॅटचा आकडा पाहावा. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएसने तेवढ्यात बॅटरीवर जायला हवे. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल, तर त्याचे बटण ‘यूपीएस मोड’वर ठेवावे.

खरेदीला जाताना

दुकानात जाण्यापूर्वी एवढे मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत :

– कंपनीच्या नावावर न जाता नेमके मॉडेल लिहून घ्यावे. एकाच कंपनीचे एक मॉडेल उत्तम आणि दुसरे सुमार असू शकते. डबा उघडून, भार टाकून केलेली स्वतंत्र चाचणी त्या मॉडेलसाठी उपलब्ध आहे का, ते पाहावे.

– १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२ हा आकडा खोक्यावरच्या वॅटच्या जवळपास यायला हवा.

– लेबलवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधावा. तो खरा आहे का, हे ‘बीआयएस केअर’ अॅपवर पाहता येते.

– ग्राफिक्स कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनांची वायर डब्यातूनच यायला हवी. हार्ड डिस्कच्या वायरला कन्व्हर्टर लावून कार्ड चालवू नये. जोड तापून वितळू शकतो.

– पक्के बिल आणि वॉरंटीची नोंद घ्यावी. किती वर्षे वापरला हे कळत नसेल, तर जुना डबा घेऊ नये.

– वायरी सुट्या होणारा डबा असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या वायरी त्यात खुपसू नयेत. टोके सारखी दिसली, तरी आतली जोडणी वेगळी असते.

डबा बिघडला, तर घरी उघडण्याचा मोह टाळावा. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो.

आता राहिला पैशांचा प्रश्न. नामांकित ५५० वॅटचा ब्राँझ डबा साधारण साडेतीन ते पाच हजारांत मिळतो. फुकटच्या डब्यापेक्षा तेवढी रक्कम जास्त. ती काढायला जागा आहेत. रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचे महागडे कॅबिनेट यांत सहज दोन-तीन हजार अडकलेले असतात. दुसरी रॅम किंवा मोठी एसएसडी सहा महिन्यांनी घातली, तरी बिघडत नाही. एसएमपीएसचे तसे नाही. तो पहिल्या दिवसापासून चांगला लागतो, कारण बाकीच्या पन्नास हजारांच्या वस्तू त्याच्याच भरवशावर चालणार असतात.