गावाच्या नावात दडलेलं रान

बाळांनो, बीड जिल्ह्याचा नकाशा पसरा आणि गावांची नावं मोठ्यानं वाचा. वडवणी, चिंचवण, लिंबागणेश, पिंपळनेर, रायमोहा. काय ऐकू आलं? वड, चिंच, लिंब, पिंपळ, मोह! झाडंच झाडं.

फार पूर्वी माणसं इथे वस्तीला आली, तेव्हा ना सडक होती ना पाटी. ठिकाण सांगायचं तर नजरेत भरणारं झाड, ओढा नाहीतर डोंगर दाखवायचा. "त्या पिंपळापाशी" म्हणता म्हणता गावच पिंपळाचं झालं.

आता पाटोदा तालुक्यातलं डोंगरकिन्ही घ्या. डोंगर कळला, पण किन्ही कोण? किन्ही म्हणजे किन्हई, आपल्या शिरसाचा भाऊबंद. उंच वाढतो, साल फिकट आणि गुळगुळीत, तिचे पातळ पापुद्रे सुटतात. शेंगा चपट्या, तांबूस. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून जमीनही कसदार होते. पण खरी खूण पुढेच आहे. या झाडाला ओल लागते, ते ओढ्याकाठी फोफावतं. म्हणजे ज्या गावाला किन्हईनं नाव दिलं, तिथे एके काळी पाणी मुरत असणार.

झाडावरून पाणी ओळखायची ही विद्या जुनीच. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त दकार्गल नावाचा अख्खा अध्याय लिहिला. उंबर, अर्जुन, वारूळ अशा खुणांवरून भूजल कुठे शोधावं, ते त्यात सांगितलं आहे. उमरी नावाची गावं मराठवाड्यात जागोजाग आहेत, ती त्या उंबराचीच लेकरं.

झाडांसारखेच डोंगरही नावांत शिरले. 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट. केज तालुक्यात नांदूरघाट आहे आणि अंबाजोगाई तालुक्यात घाटनांदूर! घाट एकदा मागे, एकदा पुढे; आणि नांदूरमध्ये बहुधा नांदरूक, वडाच्या कुळातलं दाट सावलीचं झाड. डोंगर उतरून गेवराई-माजलगावकडे गेलात की गोदेकाठचा पट्टा लागतो. गोदावरीला आपण गंगा म्हणतो, म्हणून तो गंगथडी.

राजांनीही नावं ठेवली. अंबाजोगाईचं मोमिनाबाद झालं, धारूरचं फतेहाबाद. सत्ता गेली, तशी ती नावंही ओसरली. मातीतून उगवलेलं नाव मात्र लोकांच्या जिभेवर टिकलं.

हे जगभर असंच आहे. आयर्लंडमधलं डेरी म्हणजे तिथल्या गेलिक भाषेत ओकची राई, आणि किल्डेअर म्हणजे ओकपाशचं चर्च. तिथली ओकची रानं शतकांपूर्वीच तुटली. कुठे होती, ते नावं सांगतात.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. गावाचं नाव सरकारी कागदावर आहे, ते राहील. पण शिवारातल्या तुकड्यांनाही नावं असतात: चिंचेची पट्टी, वडाचं शेत, खारीचा मळा. ती कुठल्याच नकाशावर नाहीत. कागदोपत्री आता फक्त गट नंबर चालतो. घरातल्या आजीला, शेजारच्या आजोबांना ती विचारा, वहीत उतरवा आणि प्रत्येक नावापुढे तिथे आज काय उभं आहे ते लिहा. जिथे नावातलं झाड दिसणार नाही, तिथे येत्या मृगात तेच लावा. या मातीत ते तगतं, हे आपल्या पूर्वजांनी आधीच पाहून ठेवलं आहे.