मानांकनाची पाटी आणि विजेचं बिल

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत हल्ली स्विमिंग पूल आणि क्लबहाऊसच्या जोडीला ‘ग्रीन सर्टिफाइड’ हे शब्द हमखास दिसतात. हे प्रमाणपत्र कोण देतं आणि कशाच्या जोरावर देतं, हे घर घेणारा सहसा विचारत नाही. विचारायला हवं, कारण पुढची कित्येक वर्षं वीज-पाण्याचं बिल त्यालाच भरायचं असतं.

आपल्याकडे मुख्यतः तीन मानांकनं चालतात: अमेरिकेतून आलेलं ‘लीड’, इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं ‘आयजीबीसी’ आणि ‘टेरी’ संस्थेनं केंद्र सरकारच्या सोबतीनं आणलेलं ‘गृहा’. पद्धत साधारण सारखीच. काही अटी सक्तीच्या, बाकी गुणांचा खेळ. जागेची निवड, पाणी, ऊर्जा, बांधकाम साहित्य, आतली हवा या सगळ्यांचे गुण मिळवून बेरीज होते. ‘लीड’मध्ये ११० पैकी ८० झाले की प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यांत वरची पायरी.

ही पद्धत चांगल्या हातात पडली तर काय घडतं, ते हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरमध्ये बघावं. अमेरिकेबाहेर ‘लीड प्लॅटिनम’ मिळवणारी ही पहिली इमारत. साल २००३, वास्तुविशारद करण ग्रोव्हर. मधोमध गोल अंगण, त्याभोवती खोल्या, त्यामुळे दिवसा दिव्यांची गरज कमी. ऊन अडवायला जाळ्या. छताच्या मोठ्या भागावर माती आणि हिरवळ, म्हणून स्लॅब तापत नाही. दोन उंच वातमनोरे बाहेरची गरम हवा आत ओढतात, ती पाण्याच्या फवाऱ्यातून थंड होते आणि मगच एसी यंत्रणेकडे जाते. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून बागेला दिलं जातं. आधी वास्तूच थंड ठेवायची, उरलेलं काम यंत्राला द्यायचं, हा इथला क्रम आहे. मला हाच या चळवळीचा गाभा वाटतो.

अडचण बेरजेत आहे. ‘लीड’च्या २००९च्या आवृत्तीत ऊर्जाबचतीला १९पर्यंत गुण होते, सायकली ठेवायच्या सोयीला एक. हा भारांक रास्तच होता, पण नुसते एकूण टक्के बघून मुलाला गणितात किती पडले ते कळत नाही, तसंच पाटीवरच्या ‘गोल्ड’वरून वीज किती वाचली ते कळत नाही. शिवाय ऊर्जेचे गुण बहुतेक वेळा आराखड्यावर, संगणकी गणितावर मिळतात. प्रत्यक्षात एसी किती अंशांवर चालतो, पंपांची देखभाल होते का, ते नंतर ठरतं.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या संशोधकांनी २००९ साली ‘लीड’च्या १०० इमारतींची प्रत्यक्ष ऊर्जेची आकडेवारी तपासली. सरासरीनं त्या इतर इमारतींपेक्षा प्रति चौरस फूट १८ ते ३९ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. मात्र त्यांतल्या २८ ते ३५ टक्के इमारतींचा वापर साध्या इमारतींहून जास्त निघाला. आणि प्रमाणपत्र चांदीचं की सोन्याचं, याचा मोजलेल्या वापराशी फारसा संबंध आढळला नाही. मानांकन मोडीत काढा, असा याचा अर्थ नव्हे. सरासरी फायदा खरा आहे. पण मोजमाप राहायला आल्यावरही चालू राहिलं पाहिजे.

महाराष्ट्रात तर हा पैशाचाही प्रश्न आहे. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या पायरीनुसार बिल्डरला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळते. कबूल केलेलं मानांकन मिळालं नाही तर दंडही आहे. पण हा हिशेब भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळीच मिटतो. माणसं राहायला येतात त्यानंतर. जादा बांधकाम कायमचं मिळतं, तर बचतीचा पुरावाही दरवर्षी मागायला हवा.

तुम्ही घर घेत असाल तर बिल्डरकडे पाटीचा फोटो नको, गुणपत्रिका मागा. ऊर्जेत किती, पाण्यात किती, ते वेगवेगळं बघा. पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे का, तेही बघा. आणि सोसायटी झाल्यावर सामायिक मीटरचे युनिट दर चौरस मीटरमागे किती पडतात, ते दरवर्षी सर्वसाधारण सभेत मांडायला लावा.