बटण शाबूत, ड्रायव्हर गायब

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात लॅपटॉप आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. सातबारा काढायचा, पीकविमा भरायचा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरायचे, सगळं त्याच्यावरच. पण सेकंडहँड लॅपटॉपवर नवी विंडोज टाकली की एक तक्रार हमखास येते: ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत. लाइट गेलेली, स्क्रीन मात्र फुल्ल उजेडात आणि बॅटरी भराभर उतरतेय. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘कीबोर्ड गेला, बदलावा लागेल.’

कीबोर्ड सहसा गेलेला नसतो.

साधं अक्षर दाबलं तर त्याचा संकेत कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपवर ठरलेलाच असतो. एफएन (Fn) बटणासोबत दाबायच्या बटणाचं, म्हणजे हॉटकीचं, तसं नाही. ही जोडी बऱ्याचदा मदरबोर्डवरची एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप ओळखते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला नुसती एक खूण पाठवते. त्या खुणेचा अर्थ उजेड कमी करायचा की वायफाय बंद करायचं, हे ठाऊक असतं कंपनीच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्या कामासाठीच्या छोट्या सॉफ्टवेअरला. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने १९९६ मध्ये एसीपीआय हे सामाईक मानक आणलं खरं, पण हॉटकीच्या बाबतीत प्रत्येकाने वेगळी चूल मांडली. एसरचा लाँच मॅनेजर, असुसचं एटीके पॅकेज, डेलचं क्विकसेट, एचपीचं हॉटकी सपोर्ट. विंडोजच्या कोऱ्या कॉपीत यातलं काही नसतं.

दुसरा गुन्हेगार ग्राफिक्स ड्रायव्हर. तो नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसतं आणि सेटिंगमधली उजेडाची पट्टीही बहुधा गायब होते किंवा हलवून उपयोग होत नाही. पट्टी चालते पण बटण चालत नाही, तर हॉटकीचा ड्रायव्हर शोधावा. दोन्ही बंद असतील तर आधी ग्राफिक्सचा.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचा विचार अनेकांच्या मनात येतो. तिथे ही कामं करणारे ड्रायव्हर सुरुवातीला बव्हंशी हौशी प्रोग्रॅमरांनी लिहिले. थिंकपॅड लॅपटॉपसाठी बोरिस्लाव देयानोव यांनी लिहिलेला आयबीएम-एसीपीआय पुढे थिंकपॅड-एसीपीआय झाला. गंमत म्हणजे लॅपटॉपच्या फर्मवेअरने ‘तू विंडोज आहेस का?’ असं विचारलं, की लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणतं. विंडोज ८च्या काळात हेच अंगलट आलं. समोर विंडोज ८ आहे असं समजून काही फर्मवेअरने उजेडाचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरवर सोपवलं आणि लिनक्सवाल्यांची बटणं मुकी झाली. आजही एखाद्या जुन्या मॉडेलला कर्नेलच्या सेटिंगमध्ये ‘एसीपीआय-बॅकलाइट’चा पर्याय हाताने द्यावा लागतो.

म्हणून फॉरमॅट मारण्याआधी लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर टिपून घ्या, कंपनीच्याच साइटवरून चिपसेट, ग्राफिक्स आणि हॉटकीचे ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. आणि कीबोर्डचे पैसे मोजण्याआधी एफएन आणि एस्केप एकत्र दाबून पाहा, कित्येक मॉडेलवर एफएन-लॉक तिथेच असतो.